नव्या घरातली पहिली पानगळ आणि बागेची सुरुवात

शाहूनगरची | २४ जानेवारी

नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर आम्ही पुणे सोडून साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगरात स्वतःच्या घरी राहायला आलो. घर नवे बांधलेले आहे, परंतु आधीच्या जागामालकांनी कोपऱ्यातला देशी बदाम राखूनच पाया खणला होता आणि कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर एक थोराड शिरीष उभा आहे. पुण्यातल्या सदनिकेत ऋतू बदलल्याचे कळायचे ते भाजीमंडईत. येथे ते अंगणातच कळते आहे.

पौष सरत आला तसा बदाम रंगू लागला. एक पान हातात घेऊन निरखले तर कडा गर्द तांबड्या, मधल्या शिरेलगतचा भाग अजून पिवळसर हिरवा आणि दोन्ही रंगांच्या मध्ये नारिंगी छटा दिसते. पान पालथे केले की देठाच्या जरा वर, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक ग्रंथीही सापडतात. सूर्य किल्ल्याआड जाण्यापूर्वीचे तिरपे ऊन झाडातून येते तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून मी अंगणात बसते. शिरीषाची पानगळ निराळी आहे: बारीक पिवळ्या पर्णिकांचा सडा पडतो आणि वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर सारख्या वाजत राहतात.

हे सारे मला मनापासून आवडते. मात्र रोज सकाळी पाचोळ्याचा ढीग होतो आणि त्याचे काय करावे याविषयी गल्लीतल्या बहुतेकांचा सल्ला एकच असतो, की लोटून कोपऱ्यात पेटवून द्या. माझे मन त्याला धजत नाही. घराभोवती साधारण अर्धा गुंठा जागा बागेसाठी मोकळी आहे, तीत सध्या मुरूम पसरलेला आहे. या पाचोळ्यापासून बागेची सुरुवात करता येईल का, आणि साताऱ्याच्या आसपास या दिवसांत झाडे पाहायला कोठे जावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

घाटवाट | २४ जानेवारी

ताई, साताऱ्यात स्वागत. प्रथम पानगळीविषयी लिहितो, कारण ती समजली की बागेचे वेळापत्रक आपोआप समजते.

थंड देशांत दिवस लहान होतात आणि पारा उतरतो, त्यामुळे झाडे पाने टाकतात. आपल्याकडे मुख्य कारण पाण्याचे आहे. पावसाळा संपून तीन-चार महिने होतात, जमिनीचा वरचा थर सुकतो, हवा कोरडी होते आणि पानांवाटे उडणारे पाणी झाडाला परवडेनासे होते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि पान तेथून सुटते. मात्र त्याआधी, घर सोडताना आपण भांडीकुंडी आवरून घेतो तसे झाड पानातला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) बऱ्याच अंशी काढून घेते. हरितद्रव्य मोडते, त्याखाली आधीपासूनच असलेली पिवळी द्रव्ये उघडी पडतात. बदामाचा तांबडा रंग मात्र याच काळात नव्याने तयार होणाऱ्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. म्हणूनच शिरीष फक्त पिवळा होतो आणि बदाम लालभडक.

पाहायला कोठे जावे, याचे उत्तर महिन्यागणिक बदलते. सध्या अजिंक्यताऱ्याच्या आणि यवतेश्वरच्या उतारांवर पानगळ चालू आहे; रस्त्याकडेच्या सागाखाली हाताच्या पंजाहून मोठी, खरबरीत पाने पडलेली दिसतील. काटेसावर निष्पर्ण होऊन कळ्यांवर आली असेल. महाशिवरात्रीच्या सुमारास पळस आणि पांगारा फुललेले पाहावेत. कासला जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: तलावाभोवतीचे रान बव्हंशी सदाहरित आणि निमसदाहरित आहे, जांभूळ, अंजन, हिरडा यांचे, त्यामुळे तेथे सरसकट पानगळ दिसत नाही. यवतेश्वरचा घाट चढताना पिवळे, करडे उतार आणि पुढे अचानक गर्द सावली, हा बदल स्वतः अनुभवण्यासारखा आहे.

आणि खरा रंगोत्सव पानगळीनंतर येतो, याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. फाल्गुनात घाटउतारावरच्या कुसुम वृक्षाला लालचुटूक पालवी फुटते, इतकी लाल की दुरून फुलेच वाटावीत. चैत्राच्या आगेमागे पिंपळाची तांबूस, तलम पाने उन्हात चमकतात. कोवळ्या पानांतला हा लाल रंगही अँथोसायनिनचाच. हरितद्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत कडक उन्हापासून तो पानाचे रक्षण करतो. पावसाला अजून दोन-तीन महिने अवकाश असताना, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ही झाडे खोलवरच्या ओलीच्या भरवशावर पालवतात. मला विचाराल तर साताऱ्याच्या वर्षातले सर्वांत सुंदर आठवडे हेच आहेत.

एक विनंतीही करतो. बागेसाठी डोंगरावरून पोती भरून पाचोळा आणू नका. त्या उतारांवर मातीचा थर आधीच पातळ आहे आणि दर उन्हाळ्यात वणवे लागून तेथला पाचोळा जळतोच. उरलासुरला तरी डोंगराला राहू द्यावा. वस्तीत पडणारा पाचोळा आपल्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

दूरदेशी | २५ जानेवारी

मी मूळची सांगलीच्या विश्रामबागेतली, आता अमेरिकेच्या ईशान्य भागात राहते. येथे सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरभर मेपल तांबडे-नारिंगी आणि बर्च पिवळे होतात, आणि लोक केवळ ते पाहण्यासाठी शेकडो मैल गाडी चालवत येतात. सारा डोंगर एकाच वेळी रंगतो आणि नोव्हेंबरात सारा एकदमच उघडा पडतो. त्यानंतर पाच-सहा महिने फांद्यांवर काहीही नसते. घाटवाट यांनी वर्णिलेली गोष्ट येथे मिळत नाही: एका झाडाची पाने गळत असताना दुसऱ्याला फुले यावीत आणि तिसऱ्याला पालवी फुटावी, ही आपल्याकडची चाल निराळी आहे. ती एकदम नजरेत भरत नाही, ओळखीच्या झाडांकडे रोज पाहावे लागते. शाहूनगरचीताई, तुमच्याकडे अंगणात एक आणि कुंपणापलीकडे एक अशी दोन झाडे आहेत, तेव्हा त्यांची तारीखवार नोंद अवश्य ठेवा.

पाचोळ्याविषयी एवढेच सांगते की येथेही आता पाने पिशव्यांत भरून टाकण्याऐवजी हिरवळीवर कापणी यंत्र फिरवून ती तेथेच बारीक करून सोडणारे पुष्कळ जण आहेत.

पाणंद | २५ जानेवारी

मी कोरेगाव तालुक्यातला ऊस उत्पादक आहे, बागकामाचा जाणकार नाही. परंतु पाचोळा जाळायचा की कुजवायचा, हा वाद आमच्या शेतात कैक वर्षे चालला आहे, म्हणून लिहितो.

ऊस तुटून गेला की शेतात पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, उरते. पूर्वी सर्रास ते पेटवून दिले जायचे, कारण खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) पाणी देणे सोपे जाते आणि रान स्वच्छ दिसते. जाळल्याने नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो, वरच्या थरातले जीवाणू आणि गांडुळे होरपळतात आणि उरते ती मूठभर राख. आता पुष्कळ शेतकरी पाचट सरीत दाबून कुजवतात. त्यासाठीची शिफारस अशी आहे की एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक वापरावे. पाने कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्र लागतो आणि वाळल्या पाल्यात तो फारच कमी असतो. तो बाहेरून दिला नाही तर जीवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. घरगुती हिशेबात १० किलो पाचोळ्याला ८० ग्रॅम युरिया होतो. ताज्या शेणाचा काला मिळत असेल तर युरियाची गरज नाही, आणि साताऱ्यात शेण मिळायला अडचण पडू नये.

जाळू नये हे माझे ठाम मत आहे. कायद्याचेही तेच म्हणणे आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच कचरा रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी जाळण्यास मनाई केलेली होती आणि बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवावा असे स्पष्ट सांगितले होते. होळी जवळ येते आहे, तेव्हा कॉलनीतला सारा पाचोळा होळीत घालण्याचा बेत कोणी मांडला तर एवढे नक्की सांगा की होळीला पाच गोवऱ्या आणि थोडे सरपण पुरते, पाचोळा मातीला हवा आहे.

अंगणवेल | २७ जानेवारी

वरील प्रतिसादांशी पूर्ण सहमत. मी गोडोलीत राहते आणि मुरमाड जागेवर बाग उभी केली आहे, त्यामुळे ताईंच्या प्रश्नाच्या या भागावर जरा विस्ताराने लिहिते.

नव्या घराभोवतीची जमीन ही बहुधा जमीन नसतेच. पाया खणताना निघालेला मुरूम वर येतो, मूळची माती खाली गाडली जाते आणि त्यावर विटांचे तुकडे, वाळू, गिलाव्याचा राडारोडा पसरतो. म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी फावडे घेऊन चार-पाच ठिकाणी फूटभर खणून पाहा. जेथे सिमेंट कालवले गेले असेल तेथे कडक, करडा पापुद्रा लागेल; तो मुळापासून उचलून टाकावा. खणलेल्या मातीवर चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून फेस आला तर तीत चुना आहे असे समजावे. अशा जागेत जास्वंद लावली की काही आठवड्यांत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण चुनखड जमिनीतले लोह मुळांना घेता येत नाही. लोक त्यावर खतामागून खत घालतात आणि रोप सुधारत नाही. सेंद्रिय पदार्थ वाढवणे हाच यावरचा टिकाऊ उपाय आहे आणि तो तुमच्या अंगणात रोज फुकट पडतो आहे.

शक्य असेल तर माती परीक्षणही करून घ्यावे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायची, चार-पाच जागांची माती एकत्र करून सावलीत वाळवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहायचे. बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्हा मृदा चाचणी प्रयोगशाळेत चौकशी करा.

आता ढिगाविषयी. बदाम आणि शिरीष ही जोडी नशिबाने चांगली मिळाली आहे. बदामाचे पान जाड आणि चिवट असते, ते एकटे रचले तर पाने एकमेकांना चिकटून थर बनतात आणि आत हवा-पाणी जात नाही. शिरीष शेंगवर्गीय आहे, त्याच्या पर्णिका बारीक असतात, त्यांत नत्र तुलनेने अधिक असतो आणि त्या लवकर कुजतात. बदामाची पाने उन्हात कडकडीत वाळवून पायांनी तुडवावीत, मग दोन्ही मिसळावीत. कोंबडीच्या जाळीचा तीन फूट व्यासाचा आणि तीन फूट उंचीचा गोल उभा करा. त्याहून लहान ढीग आतून तापत नाही. तो फरशीवर नको, मातीवर ठेवा, म्हणजे गांडुळे खालून वर येतील. वीतभर पाचोळा, त्यावर शेणाचा काला, त्यावर भाजीची देठे आणि साली, त्यावर ओंजळभर जुनी माती, अशा क्रमाने थर रचत जा. ओल किती असावी हे हाताने पाहावे: मूठ दाबल्यावर पाणी गळू नये, पण तळवा ओलसर व्हावा. आपल्याकडच्या कोरड्या शिशिरात ढीग वाळून जातो आणि मग महिनोन्महिने तसाच राहतो; म्हणून वर जुने गोणपाट भिजवून टाकावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी त्यावरच ओतावे, नळाचे पाणी खर्चण्याची फारशी गरज पडत नाही.

दर पंधरवड्याला ढीग खाली-वर केला तर पावसाळ्याच्या तोंडी अर्धकच्चे खत मिळते, ते झाडांभोवती पसरायला उत्तम. पुरते काळे, चहाच्या चोथ्यासारखे मोकळे आणि पहिल्या पावसाचा वास असलेले खत हवे असेल तर गणपती-दसऱ्यापर्यंत थांबावे.

श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने काडीकचऱ्यापासून माती बनवण्याचे हेच तत्त्व घरोघरच्या बागांसाठी मांडले होते. आमच्या आधीच्या पिढीतले अनेक जण ते शिकले आणि त्यांच्या परसबागा आजही उभ्या आहेत.

निंबोणी | २७ जानेवारी

सर्वांचे म्हणणे पटते, तरी दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आमच्या कॉलनीत मागील वर्षी एका घराच्या मागे पाचोळ्याचा ढीग होता आणि त्यात घोणस निघाली. लहान मुले तेथेच खेळत होती. शिवाय पाने उडून गटारात जातात, पावसाळ्यात गच्चीच्या पन्हळी तुंबतात आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे किंवा लहान मुले आहेत त्यांनी अंगण लख्ख ठेवावे, असे मला वाटते. नव्याने राहायला आलेल्यांनी शेजाऱ्यांच्या मनाचाही विचार करावा.

रानजाई | २८ जानेवारी

निंबोणीताईंची काळजी रास्त आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घोणस पाचोळ्याच्या रंगात बेमालूम मिसळते, आणि साताऱ्याच्या खडकाळ उतारांवर फुरसेही आहे. परंतु साप पाचोळ्यासाठी येत नाही. तो उंदीर, बेडूक आणि आडोसा यांसाठी येतो. त्यामुळे ढीग घराच्या भिंतीपासून, पायऱ्यांपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावा, त्यात शिजलेले अन्न कधीही टाकू नये, शेजारी विटा-फरश्यांची रास ठेवू नये, आणि ढीग हलवताना पायात बूट असावेत व हात न घालता दाताळे वापरावे. नियमाने हलवला जाणारा ढीग सापाला निवाऱ्यासाठी सोयीचा राहत नाही. वर्षानुवर्षे न हललेली रास सोयीची असते. साप दिसलाच तर त्याला डिवचू नये, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि दंश झालाच तर वेळ न दवडता थेट जिल्हा रुग्णालय गाठावे.

अंगणाचे दोन भाग करावेत, असे माझे मत आहे. दारासमोरचा भाग, वाट आणि गच्ची रोज झाडलेली असावी. पन्हळी मे महिन्यात एकदा साफ कराव्यात, कारण डासांना वाटीभर पाणीही पुरते. कुंपणाकडचा भाग मात्र पाचोळ्याला द्यावा.

तेथे काय घडते ते महिनाभर पाहा. सकाळी सातभाईंचा थवा येतो, पाने चोचीने उलटवत कलकलाट करत फिरतो. दुपारी सापसुरळी ऊन खायला येते. पान उलटवले तर खालच्या ओलीत वाणी, गोगलगाई आणि बुरशीचे पांढरे धागे दिसतात. ते धागे दिसले की समजावे, काम सुरू झाले आहे. फुलझाडांभोवती हाच पाचोळा तीन-चार इंच जाडीने पसरला तर उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आले तरी रोपे तग धरतात. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायला विसरू नका, नाही तर वाळवी सालीपर्यंत पोहोचते.

शाहूनगरची | ३० जानेवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाळीचा गोल कुंपणाजवळ, घरापासून दूर उभा केला आहे आणि निंबोणीताईंच्या सूचनेप्रमाणे दारासमोर पान राहू देत नाही. शेजारच्या आजींना ढीग दाखवला; आता त्या स्वतःहून भाजीच्या साली आणून देतात.

अजून एक अडचण आहे. गल्लीतले काही जण शिरीषाच्या शेंगांचा आणि कचऱ्याचा त्रास होतो म्हणून तो तोडावा असे म्हणत आहेत. झाड आमच्या जागेत नाही, पण मला ते जाऊ द्यायचे नाही.

घाटवाट | ३० जानेवारी

नागरी हद्दीत झाड कोणाच्याही खासगी जागेत असले तरी ते विनापरवाना तोडता येत नाही. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. हे गल्लीत शांतपणे सांगावे. त्याहून उपयोगी पडेल ते असे की शिरीषाखालचा कचरा तुम्हीच उचलायला तयार आहात हे जाहीर करावे. बहुतेकांचा विरोध झाडाला नसतो, झाडण्याच्या कष्टाला असतो. वाळक्या, धोकादायक फांद्या जागामालकांच्या संमतीने आणि रीतसर परवानगीने छाटून घेतल्या की उरलेली भीतीही जाते.

कृष्णाकाठ | २ फेब्रुवारी

सांगलीकरांसाठी थोडी भर घालतो, कारण साताऱ्याचा सल्ला आमच्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आमच्याकडे पाऊस साताऱ्याहून कमी, पण जमीन भारी काळी. मुरूम पाणी धरत नाही ही तुमची तक्रार. आमची तक्रार नेमकी उलटी, पाणी उतरत नाही. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. माघात पाचोळ्याचा थर दिला की भेगा लक्षणीय कमी होतात. पावसाळ्यात मात्र तोच थर जाड राहिला तर बुंधा सारखा ओला राहतो, गोगलगाई वाढतात आणि मूळकूज होते. म्हणून मृगाच्या आधी आम्ही तो मातीत हलकासा मिसळतो किंवा पातळ करतो. रोपे सपाट जमिनीत न लावता वीतभर उंच गादीवाफ्यावर लावतो. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत बऱ्याच ठिकाणी जमीन क्षारपड झालेली आहे. तेथे घर बांधणाऱ्यांनी आधी पाण्याचा निचरा पाहावा, बाग नंतर.

नदीकाठच्या वस्त्यांत २०१९ च्या महापुराने अंगणाअंगणांत गाळ आणून टाकला. हा गाळ सुपीक असला तरी वाळल्यावर त्याचा टणक पापुद्रा होतो आणि बी वर येत नाही. आमच्या गल्लीत पुढच्या शिशिरात निंब, करंज आणि रेनट्रीचा पाचोळा गाळात मिसळून पाहिला, तेव्हा दुसऱ्या पावसाळ्यानंतर माती मोकळी झाली. निंबाचा पाला लवकर कुजतो. आंबा, वड आणि सिल्व्हर ओक यांचा फार हळू. निलगिरीचा पाला रोपांच्या वाफ्यात घालू नये, त्याने उगवण दबते.

आणि सांगलीकर आहे, तेव्हा हळदीचे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बदामाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या सावलीत अक्षय्य तृतीयेनंतर हळदीचे जेठे गड्डे (मुख्य कंद) लावा आणि वर पाचोळा पांघरा. हळदीला थोडी सावली आणि भरपूर सेंद्रिय खत मानवते. पुढच्या पौष-माघात तिचा पाला वाळून आडवा होईल तेव्हा गड्डे काढायचे. पाला पुन्हा ढिगात जातो.

शाहूनगरची | १६ मार्च

थोडी हकीकत कळवते. बदाम फेब्रुवारीत पूर्ण उघडा झाला आणि आता प्रत्येक फांदीच्या टोकाला पोपटी पानांचे झुबके उभे आहेत. शिरीष अजून शेंगांवरच आहे. घाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे यवतेश्वरच्या घाटात पळस पाहिला आणि आता पिंपळाच्या पालवीची वाट पाहते आहे. गल्लीतली आणखी तीन घरे पाचोळा जाळण्याऐवजी आमच्याकडे पोत्यांत आणून देतात. ढीग आतून हात भाजेल इतका तापला होता, आता निवत आला आहे. शिरीषाविषयी जागामालकांशी बोलणे झाले, तूर्त तो राहतो आहे.

माती परीक्षणात जमीन चुनखडयुक्त आणि सेंद्रिय कर्ब कमी असा निष्कर्ष आला. आता पावसाळ्यात कोणती झाडे लावावीत? पानांचा रंग पुढेही पाहायला मिळावा, एवढीच विशेष इच्छा आहे.

अंगणवेल | १८ मार्च

अर्धा गुंठा जागेत बदाम आधीच असल्यामुळे आणखी दोनच झाडे लावा, बाकी झुडपे.

पानांच्या रंगासाठी माझी पहिली पसंती तामणाला आहे. आपल्या राज्याचे फूल म्हणून सारे त्याचा जांभळा बहर ओळखतात, परंतु हिवाळ्यात गळण्यापूर्वी त्याची पाने तांबूस-नारिंगी होतात, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याला ओल आवडते, म्हणून स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी जाईल अशा बाजूला, भिंतीपासून किमान बारा फूट अंतरावर लावा. मात्र भांडी घासण्याचा साबण आणि पावडर सौम्य असावी, कारण तुमची जमीन आधीच विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट) आहे. दुसरे झाड आपटा. तो मुरमाड जमिनीत, कमी पाण्यात तगतो, फार मोठा होत नाही आणि दसऱ्याला दारचाच असतो. बहावाही चालला असता, पण त्याला ऐसपैस जागा द्यावी, दोन झाडांच्या मध्ये कोंबू नये. पिंपळ, वड किंवा पायर पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत उगवले तर रोप लहान असतानाच काढून मोकळ्या माळावर लावा.

झुडपांत पारिजातक, कढीपत्ता आणि कुंती घ्यावी. जास्वंद पहिल्या वर्षी जमिनीत नको, कुंडीत ठेवा. दोन पानगळींचे खत मातीत गेल्यावर ती खाली उतरवावी.

झाडांसाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे एप्रिलअखेर खणून मे महिनाभर उन्हात तापू द्या. खणताना निघालेला मुरूम निम्मा बाजूला काढा. तळाशी अर्धा फूट वाळका पाचोळा, मग शेणखत, तुमच्या ढिगातले अर्धकच्चे खत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि पोयटा माती असे भरून खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवा, कारण पहिल्या पावसात तो खचतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल फूटभर खाली गेल्यावरच रोप लावावे. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत तामण आणि आपट्याची रोपे जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच संपू लागतात, म्हणून मे महिन्यातच विचारून ठेवा. मीही माझ्यासाठी एक तामण आणणार आहे, सोबत जायचे असेल तर निरोप पाठवा.